राइड-ऑन लॉनमोअरचं स्टिअरिंग पार ढिलं झालंय, इथेच रिपेअर करावं की अख्खा सेट बदलावा?

हिरवळवाली

नमस्कार मंडळी. पश्चिम उपनगरात आमच्या क्लबचं क्रिकेटचं मैदान आहे, आउटफिल्ड कापायला एक राइड-ऑन मोअर आहे, अमेरिकन बनावटीचा, ४२ इंची डेक (ब्लेडवरचं आवरण), आमच्याकडे आला तोच सेकंडहँड. इंजिन एक नंबर, बेल्ट, ब्लेड सगळं ठीक, पण स्टिअरिंगने जीव नकोसा केलाय. सरळ जाताना चाक पाव फेरा इकडेतिकडे फिरवलं तरी पुढच्या टायरांना पत्ताच नसतो आणि मग एकदम पकडतं, त्यामुळे मशीन सापासारखं चालतं आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये गवताच्या शेंड्या राहतात. बाउंड्रीच्या दोरीजवळ तर माळीकाका आता मशीन नेतच नाहीत, तेवढं हातमशीनने मारतात. समोरून बघितलं तर पुढची दोन्ही चाकं बाहेर फाकलेली दिसतात.

ज्यांच्याकडे सर्व्हिसला देतो ते म्हणाले पूर्ण स्टिअरिंग असेंब्ली बदला, बाहेरून मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही. कोटेशन बघून आमच्या खजिनदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विषय बदलला. पण पाऊस तोंडावर आलाय, एकदा हरळी उसळली की मशीनला रोज काम, त्यात कांगा लीगच्या मॅचेस.

एका मेंबरने सुचवलंय की भंगारातून जुन्या मारुती ८०० चं रॅक अँड पिनियन (स्टिअरिंगची दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारं छोटं दातेरी चाक) आणून ठोकून द्या, कायमचं काम होईल. हे जमतं का? आणि नाही तर मुंबईत लेथवर वगैरे याचं काय काय बनवून मिळतं? करायचंच आहे तर आधीपेक्षा मजबूत करून घेऊ असा विचार आहे.

कुर्लाकर

भाऊ आधी एक पण पार्ट मागवू नका आणि तो मारुतीवाला रॅक तर अजिबात नको. कारण सांगतो. तुमच्या मोअरला पुढे सस्पेन्शन नाहीये, अख्खा एक्सल मधल्या एका पिनवर झोपाळ्यासारखा वरखाली डुलतो, खड्डा आला की एक चाक खाली एक वर. आता रॅक तुम्ही बसवणार चेसिसला, म्हणजे तो डुलणार नाही, आणि टाय रॉड म्हणजे चाकं वळवणारी दांडी जाणार डुलणाऱ्या एक्सलच्या चाकांना. मग एक्सल जितक्या वेळा तिरका होईल तितक्या वेळा चाकं आपोआप वळणार, तुम्ही स्टिअरिंग घट्ट धरून बसा नाहीतर देवाला धरून बसा. रॅक एक्सलवरच बसवला तर हा त्रास नाही पण मग वरच्या दांड्याला युनिव्हर्सल जॉइंट पाहिजे, लांबी बदलणारा शाफ्ट पाहिजे, डेकला जागा सोडायला पाहिजे... एवढं करण्यात सीझन संपेल.

आता प्ले म्हणजे ढिलेपणा कुठे आहे ते शोधा. मशीन सिमेंटच्या जमिनीवर उभं करा, गवतात नको. चावी काढा, स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा. चाकं जमिनीवरच असू दे, वजन असताना खरा प्ले कळतो. एक जण वर बसून स्टिअरिंग फक्त दोन बोटं डावी-उजवी हलवत राहील, सावकाश. दुसरा टॉर्च घेऊन आडवा होईल आणि वरून खाली बघत येईल: दांडा फिरतोय, त्याच्या टोकाचं छोटं पिनियन फिरतंय, पण पंख्याच्या पात्यासारखी ती दातेवाली प्लेट म्हणजे सेक्टर लगेच हलतोय का? सेक्टर हलला, मग ड्रॅग लिंक म्हणजे सेक्टरपासून चाकाच्या आर्मकडे जाणारी दांडी हलते का? ती हलली, मग चाकाचा आर्म? मग टाय रॉड? ज्या जागी अलीकडचा पार्ट हलतो आणि पलीकडचा ढिम्म, तिथे तुमचा प्ले. जॉइंटवर बोट ठेवलं की डोळ्याला दिसत नाही ते पण हाताला कळतं. बहुतेक वेळा एक मोठा दोषी सापडत नाही, सगळीकडचं थोडं थोडं मिळून पाव फेरा होतो.

मग चेसिसखाली जॅक लावून पुढचं उचला, एक्सलखाली लावू नका, खाली लाकडी ठोकळे द्या नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली घुसू नका. चाक वरखाली धरून हलवा. चाकच एक्सलच्या दांड्यावर लटपटतंय तर चाकाचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती आतली नळी) गेला. चाकासकट उभी पिन हलतेय तर स्पिंडलचा बुश गेला. आणि शेवटी अख्खा एक्सल पुढेमागे ओढून बघा, मधल्या पिनचं भोक लांबट झालेलं असतं आणि तिकडे कोणी बघतच नाही.

जे सापडेल ते इथे टाका.

हिरवळवाली

भाऊ नाही ताई, पण चालेल :) रॅकचा विषय बंद केला, मेंबरना तुमचा झोपाळा समजावून सांगितला, पटलं.

तुम्ही सांगितलं तसं केलं, माळीकाका वर आणि मी खाली. सेक्टरचे मधले चार-पाच दाते झिजून टोकदार झालेत, कडेचे मात्र अगदी कोरे. पिनियनच्या वरची प्लास्टिकची बुश फुटून अर्धी गायब आहे, दांडा आख्खा बाजूला सरकतो. ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं खडखडतात. टाय रॉड म्हणजे नुसती वाकवलेली सळई आहे, तिची टोकं आर्मच्या भोकात अडकवलेली, ती भोकं अंड्यासारखी झालीत. डावं स्पिंडल चांगलंच हलतं, उजवं थोडं. चाकांचे बुश दोन्ही बाद. मधली पिन त्यातल्या त्यात बरी.

म्हणजे सगळंच बदलायचं की काय?

कुर्लाकर

सॉरी ताई.

सगळंच नाही, पण क्रम महत्त्वाचा. ती फुटलेली प्लास्टिक बुश बघितलीत ना, खरी चोर ती आहे. दांडा बाजूला सरकला की पिनियन सेक्टरपासून लांब जातं, दाते फक्त शेंड्याशेंड्यांवर भिडतात आणि मग झिजतात. नवीन सेक्टर आणून जुन्या बुशवर चालवलात तर तो पण तसाच खाणार. आधी बुश, मग दात्यांचं बघू.

आणि मधलेच दाते का झिजले, तर मशीन बहुतेक वेळ सरळच चालतं, सगळा मार तिथेच बसतो. म्हणून सेक्टर शिम म्हणजे पातळ चकती टाकून किंवा बोल्ट आवळून पिनियनच्या जवळ आणला की मध्ये मस्त टाइट होतं आणि फुल वळवलं की कोऱ्या दात्यांवर जाम होतं. जाम झालं की लोक जोर लावतात आणि दाता तुटतो. शिम टाकायची तर दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघत बघत, थोडीच.

लेथ_साकीनाका

ताई तुमचं काम लेथवर ऐंशी टक्के होतं, आमच्याकडे अशी मशीनं पावसाच्या आधीच येतात. पण माप इंचात आहे हे टर्नरला आधीच सांगा. चाकाचा दांडा बहुतेक सहा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असणार म्हणजे १९.०५ मिमी, व्हर्निअर लावून बघा. मार्केटमध्ये कोणी सांगेल २० च्या बोअरची बेअरिंग घाला, सहज मिळते, ६००४ नंबरची. घालू नका. १९.०५ वर २० म्हणजे जवळजवळ एक मिमीचा प्ले नव्या बेअरिंगसकट घरी आणला. मध्ये पत्र्याची स्लीव्ह भरून देतो म्हणणारे पण असतात, अर्ध्या मिमीपेक्षा पातळ स्लीव्ह किती टिकणार तुम्हीच सांगा. दांडा पाच सूत निघाला तर मात्र नशीब, ६२०२-१० अशी बेअरिंग येते, आत पाच सूत बाहेर ३५ मिमी. पण चाकाच्या हबचं भोक १ इंच ३ सूत असतं म्हणजे ३४.९२५, ते आधी मापा आणि पाऊण दशांश मिमी जास्तीचं हबमध्ये काढून मगच बेअरिंग दाबा, हातोड्याने ठोकून हब फोडू नका.

सहा सूत असेल तर सरळ गनमेटलचे (काशासारखा मिश्रधातू) कॉलरवाले बुश बनवून घ्या, एलजी-२ ग्रेडचं मागा. लॉनमोअरचा स्पीड तो काय, बॉल बेअरिंग नसली तरी काही बिघडत नाही, ग्रीस मिळालं पाहिजे. नायलॉन नको. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं, मे महिन्यात मोकळा फिरणारा बुश जुलैत दांड्याला आवळून बसतो. प्लास्टिकच पाहिजे असेल तर डेलरिन, स्टिअरिंगच्या दांड्याच्या वरच्या बुशला ते चालेल, तिथे लोड कमी आहे. पिनियनजवळच्या बुशला गनमेटलच.

स्पिंडलचं: एक्सलची नळी रीम करून म्हणजे आतून अचूक मापाला कापून त्यात बुश दाबायचा आणि दाबल्यावर आतून पुन्हा फायनल रीम मारायचा. हे दुसरं रीम टर्नर लोक गाळतात, कारण बाहेर माप बरोबर दिसतं, पण दाबल्यावर बुश आत आवळतो आणि मग पिन जात नाही, मग पिनला पॉलिश पेपर मारत बसतात. आणि पिनच अंडाकृती झाली असेल तर नुसत्या बुशने काय होणार, पिन लेथवर साफ करून घ्या जेवढी बारीक होईल तेवढी होऊ दे, बुश त्या मापाचा बनवू.

मजबूत करायचंय म्हणालात तर खरा अपग्रेड हा: एक्सलच्या नळीला भोक पाडून आटे मारा आणि ग्रीस निपल बसवा, बुशला आतून ग्रीसची खाच. बऱ्याच मशीनना कंपनीतून निपल नसतं. निपल पुढच्या बाजूला नको, दगड लागून तुटतं, मागच्या बाजूला आणि गन लागेल अशा अँगलला.

सेक्टरची प्लेट लेझर कटिंग करून देतो, ईएन-८ पोलादामध्ये, आहे त्याच जाडीची.

बोरिवली_स्पेअर्स

वरच्या दोघांशी सहमत पण सेक्टर लोकल बनवण्याच्या विरोधात आहे मी. झिजलेल्या प्लेटवरून ड्रॉइंग काढलंत तर झिजलेलेच दाते नवीन लोखंडात मिळतील. सीटच्या खाली मॉडेल नंबरचा स्टिकर असतो त्याचा फोटो काढा, त्यावरून पार्ट नंबर मिळतो आणि पार्ट नंबरने शोधलं की आफ्टरमार्केट (दुसऱ्या कंपनीने बनवलेला) पण सापडतो, अख्खी असेंब्ली घ्यायची गरजच नाही. सेक्टर आणि पिनियन मात्र जोडीनेच घ्या. जुनं पिनियन नव्या सेक्टरला खातं.

आणि सगळंच हत्तीसारखं मजबूत करू नका. चाक गटाराच्या झाकणाला आपटलं की काहीतरी तुटणारच, ते स्वस्तातलं आणि बदलता येणारं तुटावं. लिंक जाड केलीत, आर्म जाड केलात तर धक्का जाईल एक्सलच्या कास्टिंगमध्ये नाहीतर चेसिसच्या पत्र्यात, मग काय कराल.

लेथ_साकीनाका

झिजलेल्या दात्यांवरून कोण काढतं भाऊ? ताईंनी लिहिलंय ना कडेचे दाते कोरे आहेत, प्रोफाइल त्यावरून घ्यायचं आणि पिच मध्ये रिपीट करायचा. एवढं तर आमचा पोरगा पण करतो. बाकी जोडीने बदलायचं बरोबर आहे.

ओरिजिनल येईपर्यंत चालवायचं असेल तर एक जुगाड. पिनियन सोडवा, अर्धा फेरा फिरवून पुन्हा सेक्टरमध्ये बसवा, म्हणजे त्याचे कमी झिजलेले दाते मध्यभागी येतात. स्टिअरिंगचं चाक उलटं झालेलं दिसेल, ते वरून काढून सरळ करून घ्या. प्लेट सपाट आणि दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर तीही पलटी करून बघा. थोडे महिने निघतात. अर्थात बुश बदलल्यावरच, नाहीतर काही उपयोग नाही.

हिरवळवाली

दोघेही भांडत असलात तरी मला फायदाच होतोय, चालू द्या. चाकाचा दांडा सहा सूतच निघाला. स्टिकरवरचा नंबर मिळाला, सेक्टर आणि पिनियनची जोडी मागवते, तोवर अर्धा फेरा.

आता ड्रॅग लिंक आणि टाय रॉडचं सांगा. रॉड एंड बेअरिंग (दांडीच्या टोकाचा, आत फिरणारा बॉल असलेला सांधा) घालून बनवून घेतात असं वाचलंय, मजबूत पण होतं आणि ॲडजस्ट पण करता येतं. आपल्याकडे मिळतात का?

गो_कार्ट_वेडा

इथे मी बोलू शकतो, कार्टिंगला हेच वापरतो. नागदेवीला बेअरिंगच्या दुकानात मिळतात, पीओएस १० म्हणून मागा, म्हणजे बाहेरून आटे असलेला १० मिमीचा. अमेरिकन मशीनला ओरिजिनल माप तीन सूत असतं, ९.५ मिमी, त्यामुळे आर्मचं भोक १० ला ड्रिल करून घ्या, तुमची भोकं तशीही अंडाकृती आहेत. पण लांबट भोकात ड्रिल भटकतं, जास्तच खाल्लेलं असेल तर आधी वेल्डने भरून मग नवीन भोक. बोल्ट ८.८ ग्रेडचा, वर नायलॉक नट. हार्डवेअरवाल्याचा साधा काळा बोल्ट इथे नको.

दुकानात उभं असतानाच आटे तपासा, १० चे रॉड एंड १.५ पिचचे पण येतात आणि १.२५ चे पण, न्यूमॅटिक सिलिंडरवाले बहुतेक बारीक पिचचे नेतात. दोन वेगळे घरी आले की परत नागदेवी, पुन्हा पार्किंग शोधा. आणि प्रत्येक रॉडला एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे, म्हणजे पीओएस १० एल. मग रॉड न सोडवता नुसता पान्याने फिरवला की लांबी कमीजास्त होते. डाव्या आट्यांचे चेक नट (रॉड एंड फिरू नये म्हणून आवळायचे) पण डावेच लागतात, ते त्याच दुकानातून लगेच घ्या, बाहेर शोधायला गेलात की बोंबला.

आता दोन गोष्टी ज्या लोक विसरतात. एक, बॉलच्या दोन्ही बाजूंना बारीक स्पेसर टाका, नाहीतर एक्सल डुलला की रॉड एंडची कड आर्मला टेकते आणि मान मोडते. जॅकवर घेऊन एक्सल पूर्ण तिरका करून, चाकं पूर्ण वळवून सगळ्या कोपऱ्यांत बघा कुठे टेकतंय का. दोन, बोल्टच्या डोक्याखाली रॉड एंडच्या घरापेक्षा मोठा वॉशर टाका. बॉल झिजून कधी निसटलाच तर घर वॉशरला अडकतं, लिंक सुटून खाली पडत नाही. चालत्या मशीनचं स्टिअरिंग अचानक हवेत जाणं आणि खाली ब्लेड फिरतंय, हे नको.

रॉड एंडला रबरी टोपी नसते, पावसात गंज खातात. टेफ्लॉन लायनिंगवाले असतील तर ग्रीस मारू नका, त्यात माती चिकटते. साध्या लोखंडी सीटवाल्यांना ग्रीस हवंच. विचारून घ्या कुठला आहे.

बोरिवलीवाले म्हणतात ते बरोबर आहे, रॉडसाठी साधी जाड भिंतीची नळी घ्या, हार्ड काही नको. धक्का बसला तर ती वाकते, ते परवडतं.

खारघर_लँडस्केप

आमच्याकडे चार राइड-ऑन आहेत, पार्टांचं वर सगळं आलंय, मी फक्त वापराबद्दल लिहितो कारण रिपेअर करून पुन्हा तेच होणार असेल तर काय फायदा.

जागेवर उभं असताना स्टिअरिंग मारणं बंद करायला सांगा. गाडीची सवय असते, पॉवर स्टिअरिंगची, की थांबलं की गरागरा फिरवायचं. इथे ते सगळं दात्यांवर येतं. मशीन थोडं तरी पुढेमागे चालू असू दे मग वळवा.

पुढच्या टायरात हवा किती आहे बघा. पंक्चरवाला सगळ्यांना स्कूटरसारखी पंचवीस-तीस भरतो, मोअरच्या टायरला साधारण दहा ते चौदा पीएसआय पुरते, मॅन्युअलमध्ये किंवा टायरवर बघून घ्या. जास्त भरली की टायर दगडासारखा होतो आणि प्रत्येक खड्ड्याचा ठोका सरळ जॉइंटमध्ये जातो, कमी भरली की स्टिअरिंग जड.

आणि क्रिकेटचं मैदान म्हणजे लाल माती. ती ग्रीसमध्ये मिसळली की व्हाल्व ग्राइंडिंग पेस्टच समजा. प्रेशर वॉशरचा फवारा स्पिंडलच्या सांध्यावर मारू नका, माती बाहेर येत नाही आत जाते. कोरड्या ब्रशने झाडा, मग निपलमधून ग्रीस भरा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन रंग दिसेपर्यंत, आणि बाहेर आलेलं पुसून टाका. पावसाळ्यात आम्ही हे दर आठवड्याला करतो.

हिरवळवाली

अपडेट देते. बुश सगळे गनमेटलचे झाले, डावी पिन खरंच अंडाकृती होती, लेथवर साफ करून बुश त्या मापाचा केला. टर्नरकडे उभी राहून दुसरं रीम करून घेतलं, त्याने आधी तोंड वाकडं केलं मग स्वतःच पिन घालून बघितली, बोटाने ढकलली तर जाते आणि सोडली तर आपल्या वजनाने सावकाश खाली येते. निपल बसले, मागच्या बाजूला. ड्रॅग लिंक आणि टाय रॉड रॉड एंडवाले झाले. सेक्टरची जोडी अजून यायचीय, पिनियन अर्धा फेरा फिरवून चाललंय.

प्ले आता दोन बोटांवर आलाय, पाव फेऱ्यावरून. माळीकाका परवा दोरीला लागून नेत होते. टायरात हवा अठ्ठावीस निघाली, उतरवली.

एकच राहिलंय, चाकं सरळ कशी सेट करायची? अलाइनमेंटवाल्याकडे नेऊ शकत नाही हे मशीन.

कुर्लाकर

अलाइनमेंटवाला कशाला, खडू आणि टेप पुरे. काकांना सीटवर बसवा, वजन पाहिजे. स्टिअरिंग सरळ, मशीन चार पावलं पुढे ढकलून थांबवा, मागे घेऊ नका. दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध, एक्सलच्या उंचीला समोरच्या बाजूने खडूची खूण, टेपने अंतर मोजा. मग मशीन पुढे ढकला, खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीला आल्या की पुन्हा मोजा. समोरचं अंतर मागच्यापेक्षा साधारण एक सूत कमी पाहिजे, ३ मिमी. मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं असेल तर ते धरा. जास्त-कमी असेल तर चेक नट ढिले करून टाय रॉड फिरवा, तुमचा आता डावा-उजवा आट्यांचा आहे ना, दोन मिनिटांचं काम. ते जमलं की मग ड्रॅग लिंक फिरवून स्टिअरिंगचं चाक सरळ करा. हाच क्रम, उलटं केलंत तर परत पहिल्यापासून.

गो_कार्ट_वेडा

आणि चेक नट आवळताना रॉड एंड दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर तो तिरका फिरून बसतो आणि बॉलला हलायला जागा राहत नाही. दोन्ही टोकांचे आटे नळीत निदान बोल्टच्या जाडीच्या दीडपट आत गेलेले असू द्या, १० ला १५ मिमी. रॉडवर पेंटने खूण करून ठेवा, नट ढिला झाला तर लांबूनच दिसतं.

बोरिवली_स्पेअर्स

सेक्टर आला की जुना टाकू नका ताई, साकीनाकावाल्यांना ड्रॉइंग काढायला द्या. माझा विरोध मागे घेतलेला नाही, पण त्यांनी एक बनवून दाखवावाच, कडेच्या दात्यांवरून.

लेथ_साकीनाका

द्या पाठवून. पिनियन पण द्या सोबत, नुसत्या प्लेटवर मेशिंग तपासता येत नाही.